विमानवाहू नौकेची युद्धसज्जता : 'विक्रांत'च्या चाचण्यांच्या निमित्ताने

प्रस्तावना

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे 'आयएनएस विक्रांत' ही विमानवाहू नौका भारतीय नौदलात समारंभपूर्वक दाखल झाली. त्याच समारंभात नौदलाच्या नव्या निशाणाचे अनावरण झाले. निशाणावरील अष्टकोनी चौकट छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली असल्याने महाराष्ट्रात त्या घटनेला वेगळे महत्त्व प्राप्त झाले. त्या दिवशीच्या स्वाभाविक उत्साहात एक बाब मात्र सहज नजरेआड होण्याजोगी होती. विमाने वाहण्यासाठीच बांधलेल्या या नौकेवर तोवर एकही लढाऊ विमान आकाशातून येऊन उतरलेले नव्हते. ते प्रथम उतरले ६ फेब्रुवारी २०२३ रोजी, म्हणजे पाच महिन्यांनंतर. मिग-२९के हे विमान रात्रीच्या अंधारात उतरण्यास २४ मे २०२३ उजाडला.

हा कोणाचा दोष होता असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. जगातील सर्वच विमानवाहू नौकांच्या बाबतीत 'दाखल होणे' आणि 'सज्ज होणे' यांत मोठे अंतर असते. हे अंतर का पडते, ते कसे भरून काढले जाते आणि ते भरून निघाल्यावरही नौका कितपत सुरक्षित असते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विमानवाहू नौकांवर सार्वजनिक पैसा फार मोठ्या प्रमाणावर खर्च होतो. एकट्या 'विक्रांत'चा खर्च सुमारे २०,००० कोटी रुपये होता. अशा वेळी नौकेची लांबी-रुंदी आणि वजन यांच्या आकड्यांपलीकडे जाऊन तिच्या कार्यपद्धतीची ओळख करून घेणे अभ्यासकाला आवश्यक ठरते.

डेकवरील उड्डाण आणि अवतरण

आपल्या वृत्तपत्रांत विमानवाहू नौकेला 'तरंगता विमानतळ' म्हणण्याची प्रथा आहे. शब्द आकर्षक आहे, परंतु दिशाभूल करणारा आहे. विमानतळाची धावपट्टी दोन-तीन किलोमीटर लांब असते, ती हलत नाही आणि तिच्या टोकाला समुद्र असेलच असे नाही. 'विक्रांत'ची एकूण लांबी २६२ मीटर आहे. त्यातला काही भागच अवतरणासाठी उपलब्ध असतो आणि तोही लाटांबरोबर वरखाली होत असतो, पुढे सरकत असतो. विमानतळाला विमान जुळवून घेते. येथे मात्र नौका आणि विमान यांना परस्परांशी जुळवून घ्यावे लागते.

या जुळणीतील पहिला घटक वारा होय. विमानाचे पंख हवेच्या सापेक्ष वेगावर विमानाला उचलून धरतात. म्हणून उड्डाणाच्या वेळी नौका वाऱ्याच्या दिशेला तोंड करून वेगाने चालवली जाते. 'विक्रांत'चा कमाल वेग २८ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५२ किलोमीटर आहे. समोरून १५ नॉट वारा असेल, तर डेकवर उभ्या असलेल्या विमानाला ताशी जवळजवळ ८० किलोमीटर वेगाची हवा जागच्या जागी मिळते. नौकेच्या इंजिनांची ताकद ही अशा प्रकारे विमानाच्या उड्डाणक्षमतेचाच एक भाग असते. १९७१ च्या युद्धात पहिल्या 'विक्रांत'च्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेलेले होते व त्यामुळे तिचा वेग मर्यादित झाला होता. त्या स्थितीतही तिच्यावरील सी-हॉक व अलिझे विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. नादुरुस्त बॉयलर हा केवळ इंजिनखोलीचा प्रश्न नव्हता, हे यावरून ध्यानी येईल.

दुसरा घटक म्हणजे डेकच्या पुढील टोकाला दिलेला चढ, ज्यास 'स्की-जंप' म्हणतात. 'विक्रांत'वर हा चढ १४ अंशांचा आहे. विमान चढावरून सुटते तेव्हा त्याचा वेग सरळ उडण्यास पुरेसा नसतो. चढामुळे ते वरच्या दिशेने फेकले जाते आणि खाली येऊ लागण्यापूर्वी त्याला आणखी काही सेकंद मिळतात. त्या अवधीत इंजिन आवश्यक तो वेग गाठते. ब्रिटिश नौदलातील लेफ्टनंट कमांडर डग टेलर यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी साउथॅम्प्टन विद्यापीठात संशोधन करताना ही कल्पना मांडली. विद्यापीठीय प्रबंधाचे पोलादात रूपांतर होण्याची अशी उदाहरणे विरळाच. या पद्धतीत गुंतागुंतीची यंत्रणा लागत नाही, हा तिचा मोठा गुण. परंतु विमानाला सर्वस्वी स्वतःच्या इंजिनावर विसंबावे लागते. त्यामुळे इंधन अधिक घ्यावे की शस्त्रे अधिक घ्यावीत, ही निवड प्रत्येक उड्डाणापूर्वी करावी लागते. अमेरिका व फ्रान्स यांच्या नौकांवर 'कॅटपल्ट' नावाचे यंत्र विमानाला ओढून वेग देते. तेथे ही निवड इतकी कठोर नसते. चीनने नोव्हेंबर २०२५ मध्ये नौदलात दाखल केलेल्या 'फुजियान'वर विद्युतचुंबकीय कॅटपल्ट आहेत. त्याच्या आधीच्या 'लिआओनिंग' व 'शानडोंग' या दोन्ही नौका स्की-जंपच्या आहेत.

उड्डाणापेक्षा अवतरण अधिक कठीण आहे. विमानाच्या शेपटीखाली हूक असतो आणि डेकवर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असतात. 'विक्रांत'वर अशा तीन तारा आहेत. त्यांपैकी एकीत हूक अडकला की तार सुटत जाते आणि डेकखालील यंत्रणा विमानाची गती शोषून घेते. हिशेब करून पाहावा. विमान ताशी २४० किलोमीटर वेगाने आले आणि डेकवरील वारा ताशी ४५ किलोमीटर असला, तर डेकच्या सापेक्ष वेग ताशी १९५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ५४ मीटर भरतो. एवढ्या वेगाचे विमान ९० मीटरमध्ये थांबवायचे तर गुरुत्वाकर्षणाच्या दीडपटीहून अधिक मंदन द्यावे लागते आणि सारा प्रकार तीन-साडेतीन सेकंदांत आटोपतो. हूक तारेत अडकला की नाही, हे कळेपर्यंत थांबण्याइतकाही वेळ वैमानिकाजवळ नसतो. म्हणून चाके टेकताक्षणी तो इंजिन कमी न करता पूर्ण जोरात चालवतो. तार हुकली तर पुन्हा उडता यावे, हा त्यामागील विचार. जमिनीवर विमान चालवणाऱ्याच्या सर्व सवयींच्या हे विरुद्ध आहे.

पुन्हा उडण्याची ही मुभा तिरक्या डेकमुळे मिळाली. पूर्वी अवतरणाची पट्टी नौकेच्या लांबीच्या रेषेत असे आणि पुढच्या भागात उभी केलेली विमाने वाचवण्यासाठी मध्ये जाळ्या लावाव्या लागत. १९५१ मध्ये ब्रिटिश नौदलातील डेनिस कॅम्बेल यांनी अवतरणाची पट्टी काही अंशांनी तिरकी ठेवण्याची सूचना केली. तार हुकलेले विमान आता उभ्या विमानांवर न आदळता मोकळ्या समुद्राच्या दिशेने निघून जाऊ लागले. एवढ्या साध्या बदलाने जेट विमानांचे युग विमानवाहू नौकांना खुले झाले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

गोव्यातील चाचणी-केंद्र

एवढी नेमकेपणाची कसरत प्रथमच समुद्रात करून पाहणे धोक्याचे असल्याने ती आधी जमिनीवर केली जाते. गोव्यात दाभोळी येथील 'आयएनएस हंसा' या नौदल तळावर स्की-जंप आणि अवतरणाच्या तारा यांची प्रतिकृती उभारलेली आहे. हलक्या लढाऊ विमानाच्या नौदलीय आवृत्तीने, म्हणजे 'तेजस'च्या भावंडाने, डिसेंबर २०१४ मध्ये येथील चढावरून पहिले उड्डाण केले आणि १३ सप्टेंबर २०१९ रोजी तारेच्या साहाय्याने पहिले अवतरण केले. त्यानंतर चारच महिन्यांनी, ११ जानेवारी २०२० रोजी, कमोडोर जयदीप मावळणकर यांनी हे विमान 'विक्रमादित्य'वर उतरवले. भारतात बनलेले लढाऊ विमान विमानवाहू नौकेवर उतरल्याचा हा पहिला प्रसंग होय.

विदेशी विमानांची पारखही याच ठिकाणी झाली. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सचे 'राफेल-एम' आणि त्याच वर्षी मे-जूनमध्ये अमेरिकेचे 'सुपर हॉर्नेट' येथील चढावरून उडवून पाहण्यात आले. ही दोन्ही विमाने मुळात कॅटपल्टसाठी घडवलेली असल्याने ती चढावरून किती भार घेऊन उडू शकतात, याचा प्रत्यक्ष पुरावा आवश्यक होता.

सागरी चाचण्या

नौकेच्या स्वतःच्या चाचण्या मात्र समुद्रातच कराव्या लागतात. 'विक्रांत'चा तळकणा कोचीन शिपयार्डमध्ये फेब्रुवारी २००९ मध्ये बसवला गेला आणि जलावतरण १२ ऑगस्ट २०१३ रोजी झाले. या कामी लागणारे युद्धनौकेच्या दर्जाचे पोलाद हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्रीय प्रयोगशाळेने आणि भारतीय पोलाद प्राधिकरणाने देशातच विकसित केले. गोदीतील चाचण्या नोव्हेंबर २०२० मध्ये झाल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये नौका प्रथम खुल्या समुद्रात गेली. ऑक्टोबर २०२१, जानेवारी २०२२ व जुलै २०२२ अशा आणखी तीन फेऱ्यांनंतर २८ जुलै २०२२ रोजी ती नौदलाच्या ताब्यात आली. चार गॅस टर्बाइन, त्यांची मिळून ८८ मेगावॅट शक्ती, सुमारे २,३०० कक्ष आणि सोळाशेहून अधिक माणसे, असा हा व्याप. यातील प्रत्येक यंत्रणा पूर्ण भारावर चालवून पाहणे, हे चाचण्यांचे प्रमुख कार्य असते.

चाचणीचे मोल ती अयशस्वी होते तेव्हा खरे उमगते. रशियाकडून घेतलेल्या 'विक्रमादित्य'च्या सागरी चाचण्यांत सप्टेंबर २०१२ मध्ये नौका पूर्ण वेगाने चालवताच आठपैकी सात बॉयलर निकामी झाले. बॉयलरच्या उष्णतारोधक आवरणात अ‍ॅस्बेस्टॉसऐवजी वापरलेल्या विटा तेवढ्या उष्णतेला टिकल्या नाहीत. ती नौका भारताला नोव्हेंबर २०१३ मध्ये मिळाली. किंमतही मूळच्या ९७.४ कोटी डॉलरवरून २३० कोटी डॉलरच्या पुढे गेली. बंदरात उभ्या असलेल्या नौकेत हा दोष कधीच दिसला नसता.

या विषयात सर्वाधिक अनुभव असलेल्या अमेरिकेचीही यातून सुटका नाही. 'जेराल्ड आर. फोर्ड' ही नौका जुलै २०१७ मध्ये नौदलात दाखल झाली. तिच्यावर दारूगोळा डेकपर्यंत नेणाऱ्या अकरा लिफ्ट आहेत. त्यांतील शेवटची डिसेंबर २०२१ मध्ये सुपूर्द झाली. तोवर सुमारे १,३०० कोटी डॉलरची ही नौका पूर्ण अर्थाने लढाऊ नव्हती. २०२१ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाच्या किनाऱ्याबाहेर तिच्याजवळ प्रत्येकी सुमारे १८ टन स्फोटकांचे तीन पाण्याखालील स्फोट घडवून नौकेची तग धरण्याची क्षमता तपासण्यात आली. स्फोट नौकेला फोडण्यासाठी नव्हते, तर धक्क्याने कोणत्या तारा सुटतात, कोणते पंप बंद पडतात हे पाहण्यासाठी होते.

अवतरणाची यंत्रणा युद्धात दगा देते तेव्हा काय होते, याचे उदाहरण रशियाच्या 'अ‍ॅडमिरल कुझनेत्सोव्ह'ने घालून दिले. २०१६ च्या अखेरीस ही नौका सीरियाच्या किनाऱ्याजवळ कार्यरत असताना एक मिग-२९के उतरण्याची वाट पाहत राहिले आणि समुद्रात कोसळले. तीनच आठवड्यांत एक सु-३३ तार तुटल्याने डेकवरून समुद्रात गेले. शत्रूने एकही गोळी न झाडता दोन विमाने गमावली आणि नौकेवरील काही विमाने सीरियातील जमिनीवरच्या तळावर हलवावी लागली. 'विक्रांत'वर नौदलात दाखल झाल्यानंतरही महिनोन् महिने उड्डाणचाचण्या का चालल्या, याचे उत्तर या घटनेत आहे.

संरक्षणाचे गणित

आजच्या क्षेपणास्त्रांच्या युगात एवढी मोठी नौका म्हणजे सोपे लक्ष्य नव्हे काय, हा प्रश्न संरक्षणशास्त्राच्या वर्गात हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देताना क्षेपणास्त्राच्या पल्ल्यापेक्षा पृथ्वीच्या गोलाईचा विचार आधी करावा लागतो.

रडारच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी खाली वळत जाते. समुद्रसपाटीपासून ४० मीटर उंचीवर बसवलेल्या रडारला ५ मीटर उंचीवरून लाटांना चाटत येणारे क्षेपणास्त्र साधारणतः ३५ किलोमीटर अंतरावर प्रथम दिसू शकते. ध्वनीपेक्षा किंचित कमी वेगाच्या क्षेपणास्त्राला हे अंतर कापण्यास दोन मिनिटांहून कमी वेळ लागतो. ध्वनीच्या पावणेतीनपट वेगाच्या क्षेपणास्त्राला चाळीस सेकंदही पुरतात. रडार कितीही शक्तिशाली केले तरी या अवधीत भर पडत नाही. भर पडते ती फक्त रडार उंच नेल्याने. तेच रडार ३,००० मीटर उंचीवरील हेलिकॉप्टरवर असेल, तर तेच क्षेपणास्त्र तत्त्वतः २३० किलोमीटरच्या पुढे असताना दृष्टिपथात येते. ९,००० मीटरवरील विमानातून हे अंतर ४०० किलोमीटरपर्यंत जाते. विमानवाहू नौकेचे खरे संरक्षण तिच्या तोफांपासून सुरू होत नाही, ते या उंचीपासून सुरू होते.

१९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटनला याची किंमत मोजावी लागली. पूर्वसूचना देणारी 'गॅनेट' विमाने १९७८ मध्ये 'आर्क रॉयल' या मोठ्या नौकेबरोबरच सेवेतून गेली होती. उंचावरून पाहणारे कोणी नसल्याने विनाशिका पुढे ठेवून त्यांच्या रडारवर भिस्त ठेवावी लागली. ४ मे रोजी अशाच पुढे असलेल्या 'शेफील्ड'वर एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळले आणि २० जण मृत्युमुखी पडले. त्या ताफ्याची ध्वजनौका 'हर्मिस' होती. हीच 'हर्मिस' १९८७ मध्ये 'विराट' या नावाने भारतीय नौदलात आली आणि ६ मार्च २०१७ रोजी मुंबईत निवृत्त झाली. फॉकलंडचा धडा आपल्यापासून दूरचा नाही तो असा.

भारतीय नौकांवर पूर्वसूचनेचे काम 'कामोव्ह-३१' हेलिकॉप्टर करते. त्याच्या पोटाखाली घडी केलेला अँटेना हवेत गेल्यावर उलगडून फिरू लागतो. साधन उपयुक्त आहे, परंतु हेलिकॉप्टरची उंची व हवेत राहण्याचा काळ दोन्ही मर्यादित आहेत. अमेरिकेचे 'हॉकआय' हे विमान या दोन्ही बाबतींत सरस आहे; ते सामान्यतः कॅटपल्टच्या साहाय्याने उडते. स्की-जंपची निवड ही केवळ उड्डाणाची निवड नाही. नौकेला किती लांबचे दिसेल, हेही तिच्यातून ठरते. माझ्या मते भारताच्या पुढील विमानवाहू नौकेविषयीच्या चर्चेत टनेजपेक्षा या मुद्द्याला अग्रक्रम मिळावयास हवा.

उर्वरित संरक्षण थराथरांचे आहे. नौका कधीच एकटी जात नाही. तिच्याभोवती विनाशिका व फ्रिगेट असतात, पाण्याखाली पाणबुडीची साथ असू शकते आणि एमएच-६०आर सारखी हेलिकॉप्टर शत्रूच्या पाणबुड्यांचा माग काढतात. आत शिरलेल्या क्षेपणास्त्रासाठी बराक-८ आणि अगदी शेवटी एके-६३० ही वेगवान तोफ. शिवाय नौका सतत स्थान बदलत असते. ताशी २५ नॉट वेगाने चालणारी नौका अर्ध्या तासात २३ किलोमीटर सरकते. त्यामुळे दूरवरून क्षेपणास्त्र सोडणाऱ्याला नौकेचे ताजे ठिकाण वारंवार कळत राहणे भाग असते. १९७१ मध्ये 'विक्रांत'च्या शोधात आलेली 'गाझी' ही पाकिस्तानी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली, तेव्हा 'विक्रांत' तेथे नव्हतीच.

थरांची ही व्यवस्था स्वतःवरही उलटू शकते. तांबड्या समुद्रात 'हॅरी ट्रुमन' या अमेरिकी नौकेच्या ताफ्यातील 'गेटिसबर्ग'ने २२ डिसेंबर २०२४ रोजी आपल्याच एका विमानाला पाडले. २८ एप्रिल २०२५ रोजी हँगरमध्ये ओढून नेले जाणारे एक विमान समुद्रात पडले. नौकेने हुथींच्या माऱ्यापासून बचावासाठी घेतलेले तीव्र वळण त्यास कारण झाल्याचे वृत्त होते. ६ मे रोजी अवतरणाची यंत्रणा अपयशी ठरून आणखी एक विमान गेले. या मोहिमेत शत्रूचे एकही क्षेपणास्त्र नौकेवर आदळले नाही, तरीही ही हानी झाली.

विमाने आणि अंतराचा प्रश्न

नौका सिद्ध झाली तरी विमाने सिद्ध असतील असे नाही. भारताने एकूण ४५ मिग-२९के विमाने घेतली. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१६ च्या अहवालात या विमानांच्या इंजिनांतील दोषांवर आणि उड्डाणयोग्य विमानांच्या कमी प्रमाणावर कठोर शब्दांत टीका होती. एकासनी विमानांपैकी उड्डाणयोग्य विमानांचे प्रमाण सुमारे १६ ते ३८ टक्क्यांच्या दरम्यान नोंदवले गेले होते. मावळणकरांनी उतरवलेले स्वदेशी विमान तंत्रसिद्धीच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले, परंतु पुरेसा भार घेऊन नौकेवरून उडण्यास ते जड असल्याचे तत्कालीन नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल सुनील लांबा यांनी डिसेंबर २०१६ मध्येच स्पष्ट केले होते.

नौकांची संख्याही याच हिशेबात धरावी लागते. प्रत्येक नौका ठरावीक काळाने दीर्घ दुरुस्तीसाठी गोदीत जाते. 'विराट' निवृत्त झाल्यापासून 'विक्रांत' येईपर्यंत साडेपाच वर्षे 'विक्रमादित्य' ही भारताची एकमेव विमानवाहू नौका होती. ती गोदीत असे तेव्हा समुद्रात एकही नसे. जून २०२३ मध्ये अरबी समुद्रात दोन्ही नौकांनी पस्तीसहून अधिक विमाने व हेलिकॉप्टर घेऊन एकत्रित सराव केला, तेव्हा ही स्थिती प्रथमच पालटली.

२८ एप्रिल २०२५ रोजी भारताने फ्रान्सबरोबर २६ राफेल-एम विमानांचा, सुमारे ६३,००० कोटी रुपयांचा करार केला. त्यांत २२ एकासनी आणि ४ द्विआसनी विमाने आहेत, पुरवठा २०३० पर्यंत पूर्ण व्हावयाचा आहे आणि द्विआसनी विमाने नौकेवरून चालवली जाणार नाहीत. 'विक्रांत'च्या लिफ्ट मिग-२९के समोर ठेवून बांधल्या गेल्या. मिगचे पंख दुमडतात, राफेलचे दुमडत नाहीत आणि टोकांवरील क्षेपणास्त्रांसह त्याची रुंदी सुमारे ११ मीटर भरते. विमान लिफ्टवर कसे उभे करायचे, हँगरमध्ये किती मावतील, डेकवर किती ठेवायची, हे सारे आता मोजून ठरवावे लागेल. त्यानंतर पहिले राफेल-एम 'विक्रांत'च्या तीन तारांकडे झेपावेल आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या चाचण्यांसारखीच एक मालिका नव्याने, पहिल्या अवतरणापासून, सुरू होईल.